'अभिनंदन! आपण जिंकलात' : फुकट बक्षिसांच्या जाहिरातींत आपले नेमके काय जाते?

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दसऱ्यापासून आमच्या गंगाखेडकडच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाच साच्याचे संदेश फिरत आहेत. कुठल्याशा नामांकित सराफी पेढीचा वर्धापनदिन आहे, चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत, खोकी उघडावीत, सोन्याचे नाणे जिंकावे आणि ते मिळण्यासाठी हाच संदेश वीस जणांना पाठवावा, असा एकूण प्रकार असतो. फेसबुकवर त्याच्या जोडीला मोफत शिलाई यंत्र, मोफत फवारणी पंप आणि मोफत रिचार्जच्या जाहिराती आहेतच.

हे खोटे असते याबद्दल मला शंका नाही. माझी अडचण वेगळी आहे. घरात सासूबाईंपासून पदवीधर मेहुण्यापर्यंत सर्वांचे म्हणणे एकच, की मिळाले तर मिळाले, नाही तर आपले काय जाते? एक रुपयाही न भरता केवळ दुवा उघडला आणि नाव-नंबर भरला, तर माणसाचे नेमके काय नुकसान होते, हे मला पटेल अशा शब्दांत सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावे.

खवट_म्हातारा
गेल्या काही वर्षांत मी इतक्या चारचाकी गाड्या जिंकलो आहे की आता एखाद्या जाहिरातीत त्या उभ्या करण्यासाठी मोफत जागा मिळाली तर बरे होईल.

संगणक_सेलू
प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. असे पान एकदा शांतपणे पाहावे. चारही प्रश्नांची उत्तरे मुद्दाम चुकीची दिली, तरी पान 'आपली उत्तरे तपासली जात आहेत' असे म्हणते आणि लगेच अभिनंदन करते. पुढे खोकी येतात. पहिले हमखास रिकामे निघते, दुसऱ्या किंवा तिसऱ्यात बक्षीस निघते, म्हणजे माणसाला आपण थोडक्यात हुकता हुकता जिंकलो असे वाटावे. खाली 'मला कालच मिळाले, धन्यवाद' अशा प्रतिक्रिया दिसतात. त्यांवर बोट दाबून पाहा, काहीही उघडत नाही, कारण त्या प्रतिक्रिया नसून पानावर आधीच लिहून ठेवलेला मजकूर असतो.

आता जाते काय? प्रत्येक टप्प्यावर दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे त्या पानाच्या मालकाला मिळतात, ही त्याची पहिली कमाई. मध्येच 'सूचना दाखवण्यास परवानगी द्या' अशी चौकट येते आणि ती दाबली की तुमचा फोन त्याच्या ताब्यातला जाहिरातफलक होतो. नाव, मोबाईल क्रमांक आणि गाव भरले की तुम्ही एका यादीत जाता. ही यादी साध्या क्रमांकांच्या यादीपेक्षा मोलाची असते, कारण हा माणूस फुकट बक्षिसावर विश्वास ठेवतो हे तिच्यात आधीच सिद्ध झालेले असते. पुढचा फसवणुकीचा फोन त्याच यादीवरून येतो. शेवटी तो संदेश तुम्ही वीस जणांना पाठवता, तेव्हा त्याच्यावर चोराचे नाव नसते, तुमचे असते. सासूबाईंच्या मैत्रिणीने दुवा उघडला तो पेढीवरच्या विश्वासाने नव्हे, सासूबाईंवरच्या विश्वासाने.

२०२२ च्या सणासुदीत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने अशाच सणाच्या भेटींच्या बनावट संकेतस्थळांबद्दल इशारा दिला होता. नामांकित पेढीचे नाव आणि पत्त्याच्या शेवटी डॉट सीएन, डॉट टॉप किंवा डॉट एक्सवायझेड, ही जोडी दिसली की पान बंद करावे. पत्त्याच्या डावीकडे दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. बोलणे वाटेत कुणी ऐकत नाही एवढेच ते सांगते, पलीकडे कोण बसला आहे ते सांगत नाही.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
सेलूकरांनी लिहिलेली 'परवानगी' आमच्या दुकानात रोज पाहायला मिळते. मागच्या आठवड्यात अंबड तालुक्यातील एक मावशी फोन घेऊन आल्या. तक्रार अशी, की फोनला विषाणू लागला असून पडदा लाल होतो आणि नातू म्हणतो नवीन फोन घ्या. पाहिले तर पडद्यावर एकाखाली एक सूचना लटकलेल्या होत्या: 'तुमच्या फोनमध्ये १३ विषाणू सापडले', 'बॅटरी जळण्याचा धोका', 'बँक खाते बंद होणार, येथे दाबा'. फोन ठणठणीत होता. क्रोमच्या सेटिंगमधील 'साइट सेटिंग्ज' आणि त्यातील 'नोटिफिकेशन्स' उघडले, तर परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची लांबलचक यादी निघाली, आणि त्यांतील बहुतेक बक्षिसांची होती. ती काढून टाकताच फोन शांत झाला. त्या सूचनांपैकी एखादी दाबून मावशींनी 'विषाणू काढणारे' अ‍ॅप घेतले असते, तर मात्र प्रकरण माझ्या दुकानातून बँकेत गेले असते.

निवृत्त_मास्तर_उदगीर
सर्वांची माहिती उपयुक्त आहे, परंतु मुळावर कुणी बोट ठेवत नाही. फुकट ते पौष्टिक ही आपली वृत्ती या सगळ्याच्या बुडाशी आहे. ज्या पेढीतून आपण आयुष्यात एक मणी घेतला नाही, ती पेढी आपल्याला सोन्याचे नाणे कशासाठी देईल, एवढा साधा प्रश्न माणसाला पडत नसेल, तर त्याला संगणकाचे ज्ञान देऊन काय उपयोग? हव्यास सुटला की फसवणूक आपोआप थांबेल.

सेवाकेंद्र_माजलगाव
मास्तर, आपल्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवतो आणि असे संदेश घेऊन येणाऱ्या लोकांना रोज भेटतो. त्यांतले फार थोडे लोभी असतात. बहुतेकांना ती जाहिरात सरकारी योजनेसारखी वाटते, आणि तसे वाटायला पुरेपूर कारण आहे.

आमच्याकडच्या शेतकऱ्याचा गेल्या काही वर्षांचा खरा अनुभव पाहा. राज्य शासनाच्या महाडीबीटी या योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज केला, त्याचे २३ रुपये ६० पैसे शुल्क ऑनलाइन भरले, आणि काही महिन्यांनी मोबाईलवर संदेश आला की ठिबक किंवा अवजारासाठी लॉटरीत आपली निवड झाली आहे, कागदपत्रे अपलोड करा. हा संदेश खरा होता. एक रुपयात पीकविमा मिळत होता, तोही खरा होता. बॅटरीवरचा फवारणी पंप शंभर टक्के अनुदानावर मिळत होता, तोही खरा. लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आले आणि पुढे ई-केवायसी करा असा निरोप आला, तोही खराच. आता त्याच माणसाला त्याच फोनवर 'मोफत फवारणी पंप, आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असा दुसरा संदेश येतो. निवड, लॉटरी, शुल्क, कागदपत्रे हे सगळे शब्द त्याच्या ओळखीचे आहेत. हा हव्यास नव्हे; तो योजनेचा लाभार्थी आहे आणि लाभार्थ्यासारखा वागतो आहे.

ई-केवायसी सुरू झाली तेव्हा त्याच नावाची बनावट पाने निघाली होती. बायका आधार क्रमांक टाकून, ओटीपी देऊन मोकळ्या व्हायच्या आणि मग माझ्याकडे येऊन विचारायच्या, की भाऊ, झाले का माझे? मी त्यांना पत्त्याचा शेवट पाहायला शिकवतो. महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन यावर पत्ता संपत असेल आणि त्यानंतर तिरकी रेघ असेल, तरच पुढे जायचे. 'लाडकी बहीण' ही अक्षरे पत्त्यात कुठेही घुसवता येतात, परंतु सरकारी शेवट विकत मिळत नाही.

निवृत्त_मास्तर_उदगीर
योजनेच्या बाबतीत आपला मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. सोन्याच्या नाण्याला मात्र कोणती योजना लागू पडते, तेवढे सांगावे.

अडत_लातूर
मास्तर, त्याचेही उत्तर मोंढ्यात सापडेल. दसरा-दिवाळीला कापडाच्या, भांड्यांच्या आणि बियाण्यांच्या दुकानांत कूपन देण्याची प्रथा जुनी आहे. पिंपातून चिठ्ठी निघते, गावासमोर नाव पुकारले जाते आणि कुणाला तरी मोटारसायकल मिळते. आम्ही ती मिळताना पाहिली आहे. फरक असा, की तेथे आधी खरेदी असते, कूपनाचा अर्धा भाग आपल्या खिशात असतो आणि दुकानदार उद्याही त्याच जागेवर बसणार असतो. ऑनलाइन बक्षिसात या तिन्ही गोष्टी गायब असतात, पण आनंद मात्र त्याच पिंपाचा असतो.

औसा तालुक्यातील आमच्या एका गिऱ्हाइकाची हकिकत सांगतो. त्याने मोबाईलवर जाहिरात पाहून काही किरकोळ वस्तू मागवली होती. महिन्याभराने टपालाने पाकीट आले. आत चकचकीत कागदावर छापलेले पत्र, खरवडायचे कार्ड, कोणा अधिकाऱ्याच्या ओळखपत्राची रंगीत प्रत आणि गोल शिक्का. कार्ड खरवडले तर चारचाकी. मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा समोरच्याने आधी गाडी हवी की रोख रक्कम, असे विचारले. म्हणजे बक्षीस मिळाले की नाही हा प्रश्नच बाजूला पडला. रोख म्हटल्यावर नोंदणीचे थोडे पैसे मागितले. ते भरले, तेव्हा जीएसटी निघाला. तो भरला, तेव्हा बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र निघाले. प्रत्येक वेळी हा माणूस एकच हिशेब करत होता, की आता एवढे भरलेच आहेत, तर शेवटच्या हप्त्यासाठी मागे कशाला फिरायचे? सोयाबीनच्या पट्टीवर उचल मागायला तो आमच्याकडे आला तेव्हा प्रकार उघडकीस आला. त्याच्या पाकिटावर नाव, पत्ता, पिनकोड आणि मागवलेली वस्तू, सर्व काही बिनचूक होते. धागाकर्त्यांनी विचारले आहे की माहिती दिल्याने काय जाते. त्या पाकिटाला पत्ता कोठून तरी मिळाला होता, एवढे मी सांगू शकतो.

करसल्लागार_नांदेड
'आधी कर भरा, मग बक्षीस घ्या' या वाक्याने सुशिक्षितही फसतात, म्हणून ते स्पष्ट करणे आवश्यक आहे. १०,००० रुपयांहून अधिक रकमेच्या लॉटरीवर किंवा बक्षिसावर ३० टक्के दराने कर कापायचा असतो आणि तो कापण्याची जबाबदारी बक्षीस देणाऱ्यावर असते. रोख बक्षीस असेल तर तो रकमेतूनच कापला जातो. विजेत्याने आपल्या खिशातून कोणाला पाठवायचा प्रश्नच येत नाही.

अर्धे ज्ञान घातक ठरते म्हणून पुढचेही लिहितो. बक्षीस वस्तूरूपात असेल, उदाहरणार्थ गाडी, तर ती हाती देण्यापूर्वी कर भरला गेला आहे याची खात्री आयोजकाने करून घ्यावी असे कायदा सांगतो. त्यामुळे खऱ्या स्पर्धेतही विजेत्याला करापोटी पैसे द्यावे लागू शकतात. ठग नेमका याच तरतुदीचा आधार घेतात. परंतु तो कर सरकारी तिजोरीत चलनाने जमा होतो आणि आपल्या पॅनवर दिसतो. कुण्या 'मॅनेजर साहेबां'च्या यूपीआय क्रमांकावर प्राप्तिकर भरल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

ज्वारीची_भाकर
आमच्या चुलत सासऱ्यांना केबीसीच्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा फोन आला होता. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमचे जे काही पंधरा हजार शुल्क असेल ते त्याच पंचवीस लाखांतून कापून घ्या, वर पाच हजार चहापाण्याला ठेवा आणि उरलेले पाठवा." समोरचा मनुष्य चिडून म्हणाला की नियमात बसत नाही. सासरे म्हणाले, "मग नियम बदलल्यावर फोन करा." अजून आलेला नाही.

बँकेतला_माणूस
भाकरताई, आपल्या सासऱ्यांना आमच्या शाखेत व्याख्यानाला बोलवायला हवे. त्यांनी केली ती कसोटी कोणत्याही रोख बक्षिसाला लागू पडते.

बँकेच्या बाजूने काही गोष्टी. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातील शिल्लक पाहताना लागतो. पैसे येण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. खरवडायच्या कार्डाचे चित्र दाखवून त्यामागे पैसे मागण्याची विनंती दडवण्याचा प्रकार फार चालला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींनी व्यक्तींकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने बंद केली आहे. त्यामुळे ठग आता क्यूआर कोड, आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप आणि एपीके फाइल यांच्याकडे वळले आहेत. लग्नपत्रिका, योजना किंवा बक्षिसाचा अर्ज म्हणून एपीके आली, तर ती कागदपत्र नसून अ‍ॅप असते. ती बसवून संदेश वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी तुमच्याआधी ठगाला दिसतो. अशा वेळी 'मी कुणालाच ओटीपी सांगितला नव्हता' हे ग्राहकाचे म्हणणे खरे असते, पण पैसे गेलेले असतात.

पैसे गेल्यास विचार करत बसू नये, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावावा आणि त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर वाटेतच गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व असे घालून दिले आहे, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर आणि कळवल्यानंतरचा बँकेवर. लाजेपोटी लोक दोन दिवस घरात बोलत नाहीत आणि तेवढ्यात खाते धुऊन निघते.

आणखी एक गोष्ट, जी पालकांनी मुलांना सांगायला हवी. फसवणुकीचा पैसा ज्या खात्यांतून फिरतो, त्यांतली काही आपल्याच भागातील महाविद्यालयीन मुलांची असतात. 'खाते वापरायला द्या, महिन्याला पैसे घ्या' हीसुद्धा एक जाहिरातच आहे. पोलीस आधी त्या मुलाच्या दारात येतात.

वकील_धाराशिव
कायद्याचे थोडक्यात. संगणकीय साधनांनी दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-डी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जोडीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, जे १ जुलै २०२४ पूर्वी आपल्याला ४२० म्हणून परिचित होते. (खवट काका, विनोद करण्यापूर्वी कळवतो की माणसे अजूनही चारसौबीसच आहेत, फक्त कलम बदलले.)

ज्याचा फारसा उल्लेख होत नाही तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. बक्षीस द्यायचा इरादाच नसताना बक्षिसाची जाहिरात करणे, किंवा किमतीत धरलेली वस्तू मोफत असल्याचे भासवणे, ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा जाहिरात करणारा खरा, नोंदणीकृत दुकानदार असेल आणि बक्षीस देत नसेल, तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. बनावट पानाच्या बाबतीत अर्थातच नोटीस कुणाला पाठवायची हा प्रश्न उरतो.

जाहिरातवाला_संभाजीनगर
मी दुकानांच्या फेसबुक व इन्स्टाग्राम जाहिराती करतो, त्यामुळे आमच्या धंद्याची बाजू मांडतो. लोकांचा समज असतो की पैसे देऊन दाखवलेली, 'प्रायोजित' असे लिहिलेली जाहिरात कुणीतरी तपासलेली असणार. तपासणी बहुतांशी यंत्रे करतात आणि ठग तिला चकवतात. जाहिरातीत एक पान दाखवायचे आणि दाबणाऱ्याला दुसऱ्याच पानावर न्यायचे, ही त्यांची नेहमीची युक्ती आहे.

परंतु या धाग्यावर अजून न आलेला प्रकार मला अधिक त्रासदायक वाटतो. सणाच्या वेळी एखादे साडीचे दुकान खरीखुरी स्पर्धा घेते: पान लाइक करा, प्रतिक्रियेत तीन मैत्रिणींची नावे लिहा आणि पैठणी जिंका. शेकडो बायका प्रतिक्रिया लिहितात. त्याच रात्री कोणीतरी त्या दुकानाचे बोधचिन्ह आणि नाव चोरून, एखाद्या टिंबाचा फरक ठेवून दुसरे खाते उघडतो आणि प्रत्येक प्रतिक्रियेखाली लिहितो, 'ताई, अभिनंदन, आपण विजेत्या आहात, संदेश पाठवा.' मग कुरिअरचे पैसे मागितले जातात. माझ्या एका ग्राहकाच्या स्पर्धेत हे घडले. ज्या बायकांनी पैसे भरले त्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात येऊन पैठणी मागू लागल्या, आणि त्यांची चूक तरी काय म्हणावी? स्पर्धा खरी होती, दुकान ओळखीचे होते आणि त्यांनी भागही घेतला होता. तेव्हापासून मी दुकानदारांना सांगतो की विजेत्याचे नाव दुकानातच जाहीर करा, वस्तू काउंटरवरूनच द्या आणि पहिल्याच ओळीत लिहा की आम्ही कोणालाही संदेश पाठवत नाही व पैसे मागत नाही.

शंका आल्यास पानाची 'पारदर्शकता' हा भाग उघडून पाहावा. पान कधी तयार झाले, पूर्वी त्याचे नाव काय होते आणि ते कोणत्या देशातून चालवले जाते, हे तेथे कळते. शंभर वर्षांच्या पेढीचे पान मागच्या मंगळवारी जन्मलेले दिसले, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

निवृत्त_मास्तर_उदगीर
पैठणीचे उदाहरण वाचून असे वाटते, की या बायकांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. नाण्याविषयी माझे मत कायम आहे.

गोदाकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. संदेशावर आपलेच नाव असते, हा मुद्दा सासूबाईंना लगेच पटला. 'म्हणजे माझ्या नावावर वीसजणी फसल्या तर' एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी गटावर स्वतःहून खुलासा टाकला. आता त्यांचा प्रश्न असा आहे, की नाव, मोबाईल क्रमांक आणि जन्मतारीख त्यांनी आधीच भरलेली आहे. ती आता परत घेता येते का?

संगणक_सेलू
दिलेली माहिती परत येत नाही, मात्र पुढची दारे बंद करता येतात. जालनेकरांनी सांगितल्याप्रमाणे सूचनांची परवानगी काढावी. अनोळखी अ‍ॅप बसले आहे का ते पाहावे आणि असल्यास, इंटरनेट बंद करून मगच ते काढावे. जन्मतारीख किंवा मोबाईल क्रमांकाचे अंक कोठे पिन म्हणून वापरले असतील, तर तो पिन आजच बदलावा. व्हॉट्सअ‍ॅपला द्विस्तरीय पडताळणी लावावी. यानंतर काही महिने बक्षीस, केवायसी, वीजबिल अशा विषयांवर फोन येतील, त्याची त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी. पैसे गेलेले नसताना आलेल्या अशा संशयास्पद फोन आणि संदेशांची नोंद दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरील 'चक्षू' या सुविधेत करता येते.

सेवाकेंद्र_माजलगाव
सर्वांची हरकत नसल्यास, यातील मोजक्या ओळी मोठ्या अक्षरांत छापून केंद्राच्या दारावर लावीन म्हणतो: पत्त्याचा सरकारी शेवट, पिनचा नियम, एपीके आणि १९३०. आणखी काही घालावे का?

बँकेतला_माणूस
अवश्य लावा. १९३० सर्वांत वर आणि दुरून वाचता येईल असा ठेवा. घाबरलेला माणूस खालच्या ओळींपर्यंत पोहोचत नाही. आमच्या शाखेसाठीही एक प्रत पाठवावी.

खवट_म्हातारा
फक्त मथळ्यात 'मोफत' हा शब्द ठळक घालू नका, नाहीतर दुपारपर्यंत अर्धे माजलगाव आधार कार्डाची प्रत घेऊन रांगेत उभे राहील.